ढिगाऱ्यावरचं रोप

खडी कंपनीनं दिवाळं काढलं तेव्हा बोईसरच्या पूर्वेला, टेकडीच्या कुशीत, एक भलामोठा खड्डा मागं उरला. तळाशी हिरवं पाणी, काठावर गंजलेला क्रशर आणि क्रशरच्या दाराला कोर्टाचं सील. कंपनी आली त्या वर्षी तिचा साहेब, जिची जमीन खड्ड्यात गेली त्या जिवलीच्या अंगणात बसून ताडी प्यायला होता. म्हणाला होता, "दगड संपला की खड्डा बुजवणार, वर तुमचीच माती पसरणार, होती तशी जमीन हातात देणार." म्हणून तर शेतावरची माती खरवडून काठावर तिचा डोंगर रचला होता. दगड संपला नाही, कंपनीच संपली. गरीब बुडाला तर घरादारासकट बुडतो. कंपनी बुडाली तर नुसती पाटी बुडते. मालक मनोरच्या बाजूला नव्या नावानं दगड फोडत बसला होता, आणि हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

जिवली पालघरच्या कचेरीत जाऊन आली. तिथला साहेब म्हणाला, "बाई, ती कंपनी आता अस्तित्वातच नाही."

"मंग खड्डा कसा हाय?" तिनं विचारलं.

साहेबानं पंखा वाढवला.

तिच्याकडं उरला तो मातीचा ढिगारा. खड्ड्याचं एक अंग उथळ होतं. ही माती तिथं पडली तर भाताची खाचरं पुन्हा उभी राहतील, आणि ही माती दुसरीकडं गेली तर पोराबाळांच्या जन्मात तिथं दगडच राहील, एवढं तिला कळत होतं. ती आणि तिची नणंद तानी टोपलीटोपलीनं माती खाली ढकलायच्या. गाव हसायचं. "बायांनो, समुद्र पण बुजवून या त्या दांडी गावचा!"

उन्हाळा सरत आला. पेरायला दुसरी जमीन नव्हती, म्हणून दोघींनी ढिगाऱ्याच्या रस्त्याकडच्या उतारावरच राब भाजला. पाला, फांद्या, शेण जाळलं, त्या राखेत भात पेरलं, खड्ड्यातलं पाणी हंड्यानं वर आणून शिंपलं. रोप बोटभर वर आलं.

आणि एका सकाळी ट्रक आले.

पुढच्या ट्रकमधून ठेकेदार उतरला. कोर्टानं कंपनीची उरलीसुरली मालमत्ता विकायला काढली होती आणि त्यात हा ढिगाराही धरला होता. कारखान्यांच्या प्लॉटवर भराव टाकायला ठेकेदारानं तो घेतला होता.

"माती माझ्या शेताची हाय," जिवली म्हणाली.

"होती. आता कागदावर माझी आहे. बाजूला हो."

"कागदावर भात पेरून दाखव, शेठ. मंग होते बाजूला."

तो तिच्याकडं बघून हसला आणि मजुरांना हाक मारली. इथंच त्याचं चुकलं. बोईसरच्या नाक्यावरचे मजूर जास्त मागतात म्हणून त्यानं जव्हारच्या डोंगरातले वारली भरून आणले होते. लांबची माणसं, इथल्या भानगडीत कशाला पडतील, असा त्याचा हिशेब. त्यांच्यातला म्होरक्या झिपरू पावडं घेऊन उतार चढला आणि मध्येच थांबला. त्यानं चपला काढल्या.

"शेठ, इथं राब हाय."

"मग?"

"रोप उभं हाय."

"गवत आहे ते! चालव पावडं."

"भात न् गवत मला शिकवतोस? ही कणसरी हाय. दाण्याची देवी. तिच्या अंगावर पावडं घालायचं नाय. आमच्यात कोन घालत नाय."

मागून ड्रायव्हर ओरडला, "सेठ, मेरा टाइम खोटी हो रहा है!"

ठेकेदाराचं डोकं फिरलं. त्यानं झिपरूच्या हातातलं पावडं हिसकावलं, बुटासकट राबात शिरला आणि दणकन घाव घातला. रोपासकट ढेकूळ उडून झिपरूच्या पायाशी पडलं.

झिपरू खाली बसला, ढेकूळ उचलून जागेवर ठेवलं आणि तळहातानं दाबलं. ट्रकवरचे मजूर एकेक करून खाली उतरले आणि जमिनीवर बसले.

"आता तुझी एक टोपली भरत नाय," झिपरू म्हणाला.

"पोलीस आणतो! सगळ्यांना आत टाकतो!" ठेकेदार ट्रकमध्ये चढला. दोन्ही ट्रक पालघरच्या दिशेनं धुरळा उडवत गेले.

तानी रडायला लागली. जिवलीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिच्या कानशिलांत आग होती.

झिपरूनं विचारलं, "बाय, राब एवढाच?"

"एवढाच. मागच्या अंगाला उघडी माती हाय. खाली खड्डा."

झिपरूनं आपल्या माणसांकडं बघितलं. "सकाळी शेठची उसळ खाल्ली रं. खाल्लं हाय तर काम करायला पायजे."

"पावडी पण त्याचीच हायत," एक जण म्हणाला आणि हशा उसळला.

राबाला वळसा घालून सगळे मागं गेले. माती सरसर खाली जायला लागली. आवाज ऐकून गाव आलं. हसणारे पण आले, घमेली घेऊन आले. जिवली सगळ्यांत पुढं होती, कासोटा मारून, गुडघ्यापर्यंत मातीत. जी माती कंपनीनं मशीननं ओरबाडली होती, ती हातानं घरी चालली होती.

उन्हं कलायला लागली तेव्हा ठेकेदार हवालदाराला जीपमधून घेऊन आला. पुढून ढिगारा तसाच दिसत होता, रोपासकट. ठेकेदार वळसा घालून मागं गेला आणि किंचाळला, "माझा माल कुठं गेला?"

"जिथनं काढला तिथं," जिवली म्हणाली.

हवालदारानं खड्ड्यात डोकावून बघितलं. "कोर्टाचा माल आहे, बाई. चोरी लागेल."

"चोर माल घेऊन पळतो. मी जागेवर ठेवला. कंपनीनं करायचं ते काम आमी केलं. तुझ्या कोर्टाला सांग, त्या कंपनीला शोध न् तिच्याकडनं आमची मजुरी वसूल कर."

हवालदारानं मिशीवरून हात फिरवला. मग आठवण झाल्यासारखा ओरडला, "पावडी खाली टाका सगळ्यांनी!"

एकही पावडं खाली पडलं नाही.

"कोणाचं डोकं हे?"

झिपरू पुढं सरकला. जिवलीनं त्याला हातानं मागं सारलं. "माझं. जमीन माझी, डोकं पण माझंच. जिवली नाव. चल."

कोणी हात धरायच्या आधी ती जीपमध्ये चढून बसली, चिखलाच्या पायांनी, सरळ ठेकेदाराच्या जागेवर. तानी धावत आली.

"वैनी, आता कसं गं?"

"कसं काय? जेवायला माझ्यासाठी थांबू नका. उजेड हाय तवर ढकला."

जीप सुरू झाली. खड्ड्याच्या काठावर पावडी पुन्हा मातीत शिरली.