अडलेला बोल्ट

नळीत गोळी सरकवणारा रायफलीचा बोल्ट अडला तेव्हा सुचित्राभोवती शिकारी मंडळाची अख्खी टोळी उभी होती आणि मदतीला एकही हात पुढे येत नव्हता. येऊ शकतच नव्हता. जपानात ज्याच्या नावावर बंदूक, त्यानेच तिला हात लावायचा. त्यामुळे कोबेमागच्या डोंगरातल्या त्या नेमबाजीच्या मैदानावर सगळे हात पाठीमागे बांधून तोंडाने मदत करत होते.

"जरा वर उचला."

"एकदम झटका द्या."

"मनगटात जोर हवा, सुचित्रा-सान."

हे शेवटचं मंडळाचे प्रमुख ओकादा-सान बोलले. ते ऐकून सुचित्राचं डोकं इतकं तापलं की त्या धगीने बोल्ट सुटायला हरकत नव्हती. पण तो सुटला नाही. दोन्ही हातांनी रेटल्यावर कुरकुरत मागे आला आणि पुढच्या गोळीला पुन्हा हटून बसला.

"बंदूक संपली आता," ओकादा-सान म्हणाले. "पोलिसांकडे जमा करा, ते तोडून टाकतील. तुम्ही यंदा हाकाऱ्यांबरोबर चला. तेही काम महत्त्वाचंच आहे."

म्हणजे रानातून आरडाओरडा करत डुकरं पळवायची, आणि माथ्यावर रायफल घेऊन बसायचं ते इतरांनी. सुचित्राला ते पटणं शक्य नव्हतं.

"हंगामाआधी अजून एक सराव आहे ना?" तिने विचारलं. "तेव्हा अडला तर मी स्वतः नेऊन देईन. तोवर तिला संपली म्हणू नका."

रायफल म्हातारी होती, हे खरंच. युरोपातल्या कुठल्याशा लष्कराने मोडीत काढलेली, मग लाकूड तासून शिकारीसाठी विकलेली. निशिओ-साननी ती जन्मभर वापरली. ते सुचित्राचे शेतशेजारी. भूकंपाच्या वर्षी, दोन हजार अकराला, तिच्या नवऱ्याच्या, अंबरीषच्या बँकेतली निम्मी कुटुंबं मुंबईला परतली. कोबेला काही झालं नव्हतं, तरी दोन्ही घरचे फोन थांबेनात. सुचित्राने सगळ्यांना सांगितलं, मी कुठेही जाणार नाही. आणि बोलून न थांबता त्याच वसंतात डोंगराच्या पायथ्याशी भाजीचा तुकडा भाड्याने घेतला. पहिल्याच वर्षी रानडुकरांनी तिची रताळी फस्त केली. दुसरी एखादी कुंपण घालून गप्प बसली असती. हिने परीक्षा देऊन शॉटगनचा परवाना काढला.

रायफल मिळायला पुढे दहा वर्षं जावी लागतात. ती गेली. तोवर निशिओ-सान ऐंशीचे झाले आणि त्यांनी परवाना सोडला. बंदूक घ्यायला कोणी नसतं तर तिचे तुकडे झाले असते. सुचित्राने ती नावावर करून घेतली. त्या दिवसापासून निशिओ-साननी बंदुकीला बोटही लावलेलं नव्हतं.

बोल्ट अडल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुचित्रा बंदुकीच्या दुकानात गेली. दुकानदाराला बंदुका हाताळायचा परवाना होता; त्याने बोल्ट पुढेमागे केला. लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला.

"यात काहीच बिघाड नाही," तो म्हणाला आणि अदबीने तिच्या मनगटाकडे पाहू लागला.

घरी हीटरजवळ बसून तिने पुन्हा करून पाहिलं. घरीही सुरळीत. म्हणजे दुकानात शहाणा, घरात शहाणा, आणि डोंगरावर चार माणसांत गेला की हट्टी. तिला रडू आलं, रागाचं. निशिओ-साननी विश्वासाने दिलेली वस्तू आपल्या हातात येऊन भंगारात जाणार, हे तिला सहन होईना.

रविवारी सकाळी ती न्हायला बसली. न्हाणीघरातल्या गार कपाटातली खोबरेलाची बाटली काढून तळहातावर उपडी केली. थेंब पडेना. तेल पांढरंफेक गोठलेलं. सवयीने तिने बाटली गरम पाण्याच्या मगमध्ये उभी केली आणि तशीच बसून राहिली.

ऑगस्टमध्ये बंदुकीचं तेल संपलं होतं. तिच्या आईच्या घरी शिवणयंत्र, दाराच्या बिजागऱ्या, पोरांची डोकी, सगळ्याला एकच औषध होतं. सुचित्राने बोल्ट खोलून आतबाहेर सढळ हाताने खोबरेल चोपडलं होतं. उन्हाळ्यात काय सुरेख चालला होता.

तिने बोल्ट पिशवीत घालून फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी ठेवला. न्हाऊन येऊन काढला, तर खाचांतून तुपासारखा पांढरा थर आणि आतली स्प्रिंग जागची हलत नव्हती.

अंबरीषने ते पाहिलं आणि खुर्चीत बसून पोट धरून हसला.

"कोणाला सांगू नकोस हं," तो म्हणाला. "साफ कर आणि गप्प राहा. दुकानदाराने दुरुस्त केला म्हण. ओकादा-सान जन्मभर चिडवतील तुला."

"चिडवू देत. मी खोटं बोलले तर त्यांना वाटेल बंदूकच बिघडली होती. उद्या जरा काही झालं की पुन्हा तोडायच्या गोष्टी करतील."

दुपारी निशिओ-सान आले. टेबलापासून हातभर लांब, हात पाठीमागे बांधून उभे राहिले. सुचित्राने बोल्टचा तुकडान्‌तुकडा सुटा केला, रॉकेलने धुतला, कोरडा पुसला, आणि बंदुकीच्या पातळ तेलाचं नुसतं बोट फिरवलं.

"अजून पुसा," निशिओ-सान म्हणत राहिले. "अजून. तेल दिसलं म्हणजे जास्त झालं."

शेवटच्या सरावाला डोंगरावर गवत पांढरं पडलं होतं. बोलताना तोंडातून वाफ येत होती. निशिओ-सानही बघायला आले होते. सुचित्रा रायफल घेऊन मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी उभी राहिली, बोटं बधिर होईपर्यंत. मग पुढे झाली. गोळी झाडली, दांडा उचलला, बोल्ट मागे आला. पुन्हा झाडली, पुन्हा आला. सगळ्या गोळ्या तिने एका लयीत संपवल्या.

"दुकानदार हुशार निघाला," ओकादा-सान म्हणाले.

मान डोलावली असती तरी निभावलं असतं.

"त्याने काही केलं नाही," सुचित्रा सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी बोल्टला केसांचं तेल लावलं होतं. खोबऱ्याचं. ते थंडीत गोठतं."

मग एक जण फिसकन हसला आणि हशा पिकला. ओकादा-सानना डोळे पुसावे लागले. सुचित्रा हशा ओसरेपर्यंत ताठ उभी राहिली.

"चूक माझी होती, मीच शोधली आणि मीच काढली," ती म्हणाली. "बंदूक संपलेली नाही. माझं मनगटही ठीक आहे. मला माथ्यावरची जागा हवी."

ओकादा-साननी निशिओ-सानकडे पाहिलं. हात पाठीमागेच ठेवून निशिओ-सान सुचित्रापुढे कमरेतून वाकले, आणि बराच वेळ तसेच राहिले.

"पूर्वेकडची," ओकादा-सान अखेर म्हणाले. "निशिओ-सान बसायचे ती. वारा फार लागतो तिथे."

"लागू दे," सुचित्रा म्हणाली आणि बोल्ट बंद केला.