चिनी मातीचा कप

आमच्या विभागात निकाल डॉक्टरच्या तोंडून कळण्याआधी कपावरून कळतो. सकाळी कॅन्सरचा तुकडा कापला की पेशंट तोंडाला पट्टी लावून बाहेर बसतो. आत आम्ही तो तुकडा गोठवतो, रंगवतो, त्याच्या पातळ चकत्या काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. कडेला कॅन्सर उरला असेल तर तेवढ्याच जागी पुन्हा कापायचं, पुन्हा बघायचं. तोवर पेशंटला कागदी पेल्यात पाणी. कडा साफ निघाल्या की ग्लेनिस सिस्टर चिनी मातीच्या कपात चहा नेऊन देते. हा नियम कुणी सांगत नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतो. कप आला की बाकीचे पट्टीवाले डोमिनोचा डाव थांबवून बघत राहतात.

एनॉक बूथरॉइड त्या दिवशी सकाळपासून पाण्यावर होता. जन्मभर यॉर्कशायरच्या छपरांवर त्याने स्लेटच्या लाद्या ठोकल्या, खिळे ओठांत धरून, ऊन तोंडावर घेऊन. कॅन्सर झाला तो खालच्या ओठालाच. आणि हा माणूस गावच्या बॅंडात कॉर्नेट, म्हणजे छोटा ट्रम्पेट, वाजवायचा. गावची कोळशाची खाण कधीच बंद पडली, पण खाणीचा बॅंड अजून आहे.

पहिली सुई टोचताना तो मला म्हणाला होता, "पोरी, हनुवटी ने, गाल ने, हवं तर हिलासुद्धा ने. फुंकण्यापुरता ओठ तेवढा ठेव."

त्याची बायको ऍव्हरिल म्हणाली, "जन्मभर तोंड बंद कर म्हणून सांगतेय. शेवटी डॉक्टर लागली."

मी हसले. तेव्हा हसायला काही हरकत नव्हती.

त्वचारोगाची डॉक्टर झाल्यावर मी हे काम शिकायला फेलोशिप घेतली होती, ती आता संपत आली होती. या कामात कापणारा आणि तपासणारा एकच. चूक पकडायला दुसरं माणूस नाही. म्हणून आमच्या मुख्य डॉक्टरांनी, क्रॉसली सरांनी, एक रीत घातली होती. काच दोघांनी बघायची, आधी मी, मग ते. जखमेच्या कागदी नकाशावर आपापल्या रंगाच्या पेन्सिलीने खूण करायची, आणि मगच तोंड उघडायचं. जो आधी "उरलाय" अशी खूण करेल, त्यानेच जाऊन पेशंटला सांगायचं आणि त्यानेच पुन्हा कापायचं.

दुसऱ्या खेपेची काच आली तेव्हा सर माझ्या आधी पुढे झाले. धड बसलेसुद्धा नाहीत.

"साफ!" ते मोठ्याने म्हणाले. दार उघडंच होतं. ग्लेनिसने किटली ठेवली.

सरांच्या बायकोला पुरलं तेव्हा थडग्यापाशी एनॉकने वाजवलं होतं. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत होतं. सरांना ती काच साफ हवी होती, म्हणून त्यांना ती साफ दिसली. मी मात्र रीतीप्रमाणे बसले.

एका कोपऱ्यात मज्जातंतूची एक नस आडवी कापली गेली होती, दोरीच्या टोकासारखी गोल. तिच्याभोवती काळपट पेशी दाटीवाटीने चिकटल्या होत्या. नसेला धरून हा रोग हनुवटीत उतरतो आणि तिथून कवटीत शिरतो. मी भिंग बदललं. देवाशपथ सांगते, मलाही ते दिसायला नको होतं. मी लाल खूण केली.

"सर, नसेभोवती आहे."

"सूज असेल ती. कापल्यावर येतेच."

"मग पेन्सिल घ्या आणि साफ म्हणून लिहून द्या," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

ते बसले. या वेळी नीट बसले. बराच वेळ बघितल्यावर चष्मा काढला आणि माझ्या खुणेशेजारी निळी खूण केली.

"आधीची खूण तुझी आहे, रोवेना," ते खाली बघत म्हणाले. "तू जा."

रीत खरीच होती, पण त्या घटकेला मला त्या माणसाची चीड आली, ती आजही गेलेली नाही.

बाहेर पोचले तर टाळ्या चालू होत्या. एनॉकच्या हातात कप होता आणि ऍव्हरिल फोनवर बॅंडवाल्यांना सांगत होती, "हो, हो, येत्या व्हिट फ्रायडेच्या सणाच्या मिरवणुकीत तोच वाजवणार!"

माझा चेहरा बघून तिने फोन खाली घेतला. "कप दिलाय त्याला," ती म्हणाली. "कप दिलाय तुम्ही."

मी त्याच्यासमोर उकिडवी बसले. "मिस्टर बूथरॉइड, चूक आमची आहे. नसेभोवती उरलाय. ती नस जाणार, आणि ओठाचा बराचसा भाग."

"फुंकता येईल?"

"नाही."

"आणि नाही कापलं तर?"

"या मिरवणुकीत वाजवाल. नंतर तो डोक्यात चढेल."

ग्लेनिस रडवेली होऊन कप घ्यायला वाकली. त्याने कप छातीशी धरला. "राहू दे, बाई. दिलेला चहा कुणी परत नेतं का?"

ओठाच्या डाव्या, चांगल्या कोपऱ्यातून त्याने तो कोमट चहा घोट घोट घेत संपवला. कुणी डोमिनोला हात लावला नाही. मग तो उठला. "चल पोरी."

तिसऱ्या खेपेला कडा साफ निघाल्या. दोन्ही पेन्सिलींनी तसं लिहिलं. ग्लेनिसने पुन्हा कप आणला. एनॉकचं तोंड नाकापासून हनुवटीपर्यंत बांधलेलं होतं. त्याने कपाकडे बघितलं आणि बोटाने ऍव्हरिलकडे खूण केली.

"मला नको," ती म्हणाली.

त्याने पुन्हा खूण केली. तेव्हा तिने कप उचलला आणि त्याच्यासमोर बसून, त्याच्याकडे बघत, सगळा चहा प्यायली. क्रॉसली सर दारापर्यंत आले होते, ते तिथूनच परत फिरले.