वाटीच्या तळाचा घोट

जपानातल्या उजी गावच्या एका चहाच्या पेढीवर मिसाओ आणि क्योहेई एकाच दिवशी उमेदवारीला लागले. सहा महिन्यांत क्योहेई चहा चाखून मिश्रण ठरवायच्या टेबलाशी बसला आणि मिसाओ मोरीपाशीच राहिली. बायकांच्या पावडर-तेलाच्या वासाने चहा बाटतो, अशी पेढीची रीत. मिसाओने सहा महिन्यांत पावडरीला हात लावला नव्हता. पण रीतीला कुठे नाक असतं!

मालक क्योहेईला रोज शिकवत, मिसाओ आत चरफडत वाट्या विसळी. विसळण्याआधी प्रत्येक वाटीतला तळाचा घोट जिभेवर घेई. चोरून मिळालेली विद्या तेवढीच. बाहेर क्योहेईचं कौतुक झालं की तिला वाटे, फोड येवो मेल्याच्या जिभेला.

त्या सकाळी वाट्या आत आल्या त्या कोमट. क्योतोच्या जुन्या गिऱ्हाइकासाठी क्योहेईने पहिल्यांदाच एकट्याने मिश्रण ठरवलं होतं. मिसाओ थबकली. चहा पारखायचा तो उकळत्या पाण्यात, तेव्हाच त्याची खोड बाहेर पडते. याने पाहुण्यांना देतात तसं निववलेलं पाणी घातलं होतं. तिने वाटीतल्या त्याच पानांवर आधण ओतलं. ओलसर फडताळाचा वास आला.

गप्प बसलं तर? दुपारी चहाच्या पेट्या क्योतोला जातील, आठवड्यात परत येतील, आणि क्योहेई मोरीपाशी येईल. हा विचार तिने दोनदा चाखला. गोड होता. पण इतक्या कष्टाने कमावलेली जीभ गप्प बसेना.

"मालक, यात ओल लागलेला चहा आहे."

मालकांनी घोट घेतला. क्योहेईची मान खाली गेली.

"मिश्रण पुन्हा कर रे," मालक म्हणाले. "आणि पोरी, तू आत जा. मोरीवरून चूक कळली, हे बाहेर जायला नको."

मिसाओ हलली नाही. "टेबलाशी जागा नसेल तर मी समोरच्या पेढीवर जाते. जीभ माझी आहे, मालक. माझ्याबरोबर येईल."

दारात मालकीणबाई उभ्या होत्या. "तीस वर्षं मीही तळाचेच घोट घेतले," त्या सावकाश म्हणाल्या. "बोलले नाही, एवढंच. जाऊ देणार आहात तिला?"

मालकांनी हातातली वाटी खाली ठेवली. मग टेबलाशी स्वतःची बैठक थोडी सरकवून तिच्यापुरती जागा केली.

"आजच्या वाट्या कोण विसळणार?" मिसाओने विचारलं.

क्योहेईने वाट्यांचं तबक उचलून आत नेलं. आतून पाण्याचा आवाज आला, मग मध्येच थांबला.

घेतोय वाटतं तळाचा घोट, मिसाओच्या मनात आलं. घे बाबा. शाळा तिथेच आहे.