छत्रीवाल्या बाईची कापलेली कड

मी एक जुने छापचित्र आहे आणि सध्या माझा जीव शिवणाच्या दोऱ्यात अडकला आहे.

मित्रांनो, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका फ्रेंच चित्रकाराने मेणकट खडूने मला दगडावर काढले. तेवढ्यात त्याचे मांजर दगडावरून गेले. माझ्यातल्या छत्रीवाल्या बाईच्या हनुवटीवरचा तीळ म्हणजे त्या मांजराच्या शेपटीचा ठसा. खोटे वाटत असेल तर मांजराला विचारा. दगडावरून पन्नास प्रती छापल्या आणि प्रत्येकीच्या खालच्या कोऱ्या कडेवर चित्रकाराने पेन्सिलीने सही केली. पुढे मी बोटीने फिरले, एकदा बुडालेही. छत्री होती म्हणून वाचले.

शेवटी एका घड्याळजींच्या घरी आले. माझ्या चित्रकाराची सात चित्रांची मालिका जमवायला त्यांना एकतीस वर्षे लागली. मी सातवे. त्यांनी तीनदा हात धुऊन मला उचलले.

"ताई, ही आली. आता घर भरलं."

"मग तिला छत्री मिटायला सांग. घरात कसलं ऊन लागतंय?" ताई म्हणाल्या.

ताई त्यांची थोरली बहीण. आईमागे त्यांनीच भावाला वाढवले. यंदा त्याच्या सत्तराव्या वाढदिवसाला ताईंनी गुपचूप मला चौकटीत बसवायला घेतले. चौकट दोन बोटे आखूड निघाली. ताईंनी शिवणाची कात्री उचलली आणि माझी खालची कड कापून टाकली. सहीसकट.

घड्याळजींनी सहीच्या जागी चौकटीवरून दोनदा बोट फिरवले.

"आवडलं नाही का रे?"

"आवडलं ना. झकास बसलंय."

"खाली कुणीतरी पेन्सिलीने खरडलं होतं. घाण दिसत होतं."

"बरं केलंस," ते म्हणाले.

आपल्यामागे आम्ही सात जणी सात दिशांना जाऊ, या धास्तीने घड्याळजींना हल्ली झोप नाही. संग्रहालयाच्या बाई आम्हाला एकत्र ठेवायला तयार आहेत, पण सातही सह्या असतील तरच. "कड सापडली तर जोडून घेऊ," त्या फोनवर म्हणाल्या, "पण महिनाअखेरपर्यंत."

कड हरवलेली नाही. जाड कागद वाया कशाला घालवायचा म्हणून ताईंनी तिच्यावर पांढरा दोरा गुंडाळला आहे. ताई सदरा शिवत असताना घड्याळजींना दोऱ्याखालून सहीचे शेपूट दिसले. कड उलगडून मागावी, तर आपण काय कापले ते ताईंना कळणार.

"दोरा संपला की ती पट्टी मला दे," ते एवढेच म्हणाले. "पुस्तकात खूण ठेवायला."

तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याची बटणे रोज तुटतात. कशी तुटतात, ते भिंतीवरून मला दिसते. घड्याळाचा बारीक चिमटा असतो त्यांच्या खिशात.

"हे कालच लावलं होतं रे."

"सैल होतं गं."

"मी लावलेलं, आणि सैल?" ताई पुटपुटतात, सुई ओवतात आणि वीतभर दोरा कमी होतो.

महिना संपायला नऊ दिवस उरलेत आणि दोरा अजून बोटभर जाड आहे.

मित्रांनो, चित्राची कोरी कड रिकामी समजू नका. कात्री लावण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि तुमच्या घरी कुणाचे बटण तुटले असेल, बाही उसवली असेल, तर ते कपडे इकडे पाठवा. ताई आनंदाने शिवून देतील.

फक्त पांढरेच पाठवा.