आनंदीबाईंची दुरुस्त प्रत

“ताई, कशालाबी हात लावू नका. मी मांजरीतनं निघालोयच,” ऑफिसचे संगणक बघणारा संपत फोनवर म्हणाला.

“नाही लावत,” सुरय्या म्हणाली. तिने फोन ठेवला आणि माऊस हातात घेतला.

आता याला काय म्हणावं? मांजरीहून नारायण पेठेत यायचं म्हणजे हडपसरच्या गर्दीतून मोटरसायकल काढायची, तास तरी हवाच. आणि इकडे काचेच्या दारापलीकडे प्रकाशनाचे मालक आप्पासाहेब सारखे घसा खाकरत होते. घसा खाकरणं ही त्यांची चौकशी असे. “सुरय्याबाई, आज आपल्याकडे सुट्टी आहे हे मला कुणी कळवलं नाही,” असं ते सकाळी एकदा येऊन म्हणून गेले होते.

भानगड अशी होती. पुस्तकांची पानं जुळवायचं त्यांचं सॉफ्टवेअर जुनं, त्यातले मराठी फॉन्टही जुने, आणि नव्या संगणकावर ते काही केल्या चालेना. तेव्हा संपतने नव्या संगणकाच्या पोटात दुसरा एक जुना संगणक बसवून दिला. खराखुरा डबा नव्हे. तेही सॉफ्टवेअरच, पण आपण संगणक आहोत अशी त्याची समजूत. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ऑफिसात त्याला नुसतं ‘आतला’ म्हणत. आतल्याला संध्याकाळी कुणी बंद करत नसे. पानं उघडी ठेवून त्याला तसंच झोपवायचं आणि सकाळी उठवायचं. काल बाहेरच्या संगणकाने अपडेट घेतलं आणि आज आतला उठायला तयार नव्हता. उठवायला गेलं की इंग्रजीत लांबलचक तक्रार करायचा आणि परत गप्प.

आतला चांगला चालत असताना, मागच्या वर्षी, संपतने त्याचा, आतल्या सगळ्या फायलींसकट होता तसा, एक ‘फोटो’ घेऊन ठेवला होता. “काय झालंच तर ह्या फोटोवर मागं जाता येतं, ताई,” तो म्हणाला होता. सुरय्याला तेवढं नेमकं आठवलं. मागे जायचं म्हणजे मधलं सगळं पुसायचं, हेही त्याने सांगितलं असणार. ते आठवलं नाही.

तिने फोटो निवडला. संगणकाने विचारलं, आत्ता जे आहे त्याची एक प्रत ठेवू का? चौकोनात ‘हो’ची खूण आधीच होती. त्याने बिचाऱ्याने भल्यासाठीच विचारलं होतं. पण या ऑफिसात दुसरी प्रत म्हटलं की अंगावर काटा येई. मागे एका चरित्राच्या दोन फायली संगणकात राहिल्या होत्या आणि छापायला गेली ती न तपासलेली. लेखक पुस्तक घेऊन दारात उभे राहिले आणि आप्पासाहेबांनी सगळी आवृत्ती रद्दीत घातली. तेव्हापासून एका पुस्तकाची एकच फाइल. “दुसरी दिसली तर आधी तिला काढीन, मग तुम्हाला,” असं त्यांनी बजावलं होतं. सुरय्याने सवयीने ती खूण काढली आणि पुढे गेली.

आतला उठला.

आप्पासाहेब चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले. “संपतराव आले?”

“नाही. मीच केलं चालू.”

“तुम्ही?” ते पडद्याकडे बघत राहिले. “म्हणजे इतकी वर्षं आम्ही इंजिनिअर उगाचच पोसला म्हणायचा. चहा सांगा, सुरय्याबाई. माझ्यातर्फे.”

सुरय्या अत्तार या खुर्चीवर पंचवीसेक वर्षं बसत होती. लग्न झालं, मोडलं, वडील गेले, पेठेत रस्ते एकेरी झाले, ती बसतच होती. एवढ्या काळात आप्पासाहेबांनी तिला चहा पाजल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं की क्षणभर काय करावं ते सुचेना. मग तिने कामाला लागायचं म्हणून आनंदीबाईंचं पुस्तक उघडलं.

जाडजूड पुस्तकाची फाइल, ती रोडावलेली निघाली. सुरय्याने पान खाली ओढलं, वर ओढलं. बंद करून परत उघडली. होळीपासून केलेली एकही दुरुस्ती त्यात नव्हती.

आनंदीबाईंचं सांगायलाच हवं. त्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. सगळी हयात पुण्याच्या टेकड्या पायांखाली घातलेल्या. कुठलं जुनं झाड कुठल्या उतारावर आहे, त्याला गुराखी काय म्हणतात, ते कधी फुलतं, असलं त्यांचं पुस्तक. कुठल्याही ग्रंथालयात शोधून सापडेल असं त्यात फारसं काही नव्हतं. सगळं त्यांनी स्वतः बघितलेलं. जुन्या टिपणांवरून सुरय्याने ते एकदा टाइप केलं, पण टिपणांत चुका भरपूर होत्या. तेवढ्यात बाईंचे डोळे अधू झाले, आणि डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं की आठवणही हळूहळू जाणार. मग बाई रिक्षाने ऑफिसात यायला लागल्या. सुरय्याच्या शेजारी स्टुलावर बसायच्या. सुरय्या वाचायची, बाई तोंडी दुरुस्त्या सांगायच्या, भर घालायच्या, आणि ते थेट संगणकावर चढायचं. कागद नाहीच. “कागदावर दुरुस्त्या करायला डोळे लागतात गं,” बाई म्हणायच्या. “भराभर हात चालव. माझं दुकान बंद व्हायला आलंय.” असं म्हणून हसायच्या. शेवटी शेवटी एकच गोष्ट दोनदा सांगायच्या. पण पुस्तक पुरं झालं. सूची तेवढी राहिली होती, म्हणून फाइल अजून आतल्यातच होती.

ती आता नव्हती.

संपत आला तेव्हा ती खुर्चीतून उठून उभी होती. हेल्मेट टेबलाखाली ठेवून तो बसला. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, “ताई, हात लावला काय कशाला?”

“नाही. नुसतं परत परत चालू केलं. मग उठलं.”

हे वाक्य तिने ठरवून उच्चारलं नव्हतं. ते निघालं. आणि एकदा निघाल्यावर परत घ्यायला तिची जीभ वळेना. संपतने खुर्ची पुढे ओढली. तो बराच वेळ काय काय उघडून बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

सांगितलेला चहा एकदाचा आला, तसे आपला कप घेऊन आप्पासाहेब बाहेर आले. “संपतराव, आलाच आहात तर आनंदीबाईंचं शेवटचं प्रकरण जरा दाखवा. सोमवारी छापायला द्यायचंय.”

“दुरुस्त्या गेल्यात, साहेब.”

“गेल्यात म्हणजे? कुठे गेल्यात?”

“पुसल्या गेल्यात. आता जुनंच राहिलंय.”

आप्पासाहेबांनी कप खाली ठेवला. “सुरय्याबाईंनी सकाळी यंत्र चालू करून दिलं होतं. तुम्ही येऊन बसलात आणि गेलं. मी चुकत असेन तर सांगा.”

संपतने सुरय्याकडे बघितलं. सुरय्या कीबोर्डकडे बघत होती. त्याच्या एका कळेवरचं अक्षर झिजून गेलं होतं, तिथे.

“अपडेटनं घोळ घातला आसंल,” संपत म्हणाला. “मी ते आधीच बंद करून ठेवायला पायजे हुतं. माझं चुकलं.”

“चूक मान्य केलीत, आनंद आहे. आता आम्ही दुसरा माणूस बघतो. हेल्मेट राहिलंय तुमचं टेबलाखाली.”

संपतने हेल्मेट उचललं आणि “येतो ताई” म्हणून जिना उतरला. सुरय्याचा चहा निवत होता. आप्पासाहेब म्हणाले, घ्या, तुमचा काय दोष. आणि तिने तो घेतला. सगळा प्यायली. हे सांगताना मलासुद्धा तिचा राग येतो, पण ती प्यायली.

घरी तिला जेवण गेलं नाही. आई विचारत राहिली, ती डोकं दुखतंय म्हणाली. खरं तर दुरुस्त्या पुसल्या त्याचं दुःख होतं, पण त्याची लाज नव्हती. हातून चुका होतात माणसाच्या. लाज होती ती त्या चहाची. आणि संपत जाताना नेहमीसारखा “येतो ताई” म्हणाला, त्याची. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर ती निजली तरी असती.

सकाळी ती ऑफिसात गेली, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि तडक काचेचं दार ढकललं.

“काल ते माझ्या हातून पुसलं गेलं. संपत यायच्या आधीच. मला माहीत होतं.”

आप्पासाहेबांनी पेनाला टोपण लावलं. “हे काल सांगता आलं असतं.”

“हो.”

“चहा बरा होता?”

सुरय्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. “हो,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

मग त्यांनी स्वतः फोन लावला. “संपतराव, आप्पासाहेब बोलतोय. काल मी जे बोललो ते चुकीच्या माणसाला बोललो असं आमच्या इथे निष्पन्न झालंय. तेव्हा ते परत घेतो. सवडीने येऊन जा... हो, आहेत. देतो.” त्यांनी फोन पुढे केला आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

“संपतभाऊ, मी...”

“मला तवाच दिसलं हुतं, ताई. कधी काय केलं त्याची नोंद ऱ्हाती त्यात.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी खाली बघत हुता. म्हटलं, आता काय बोलायचं.” मग तोच म्हणाला, “येतो मी दुपारी. बघू काय हाती लागतंय का. पर धरून चालू नका.”

तो आला, संध्याकाळपर्यंत बसला. हाती काही लागलं नाही. आतल्याला झोपेतून उठवत न बसता सरळ बंद करून साधं पहिल्यापासून चालू केलं असतं तरी भागलं असतं, काही गेलं नसतं, एवढं त्याच्या बोलण्यातून कळलं. तेही त्याने तिला टोचायचं म्हणून सांगितलं नाही, तिने खोदून विचारलं म्हणून सांगितलं.

“आनंदीबाईंना मी सांगणार नाही,” आप्पासाहेब निघताना म्हणाले. “ते तुम्ही करा.”

दुसऱ्या दिवशी जुन्या मजकुराची छापील पानं घेऊन सुरय्या बाईंच्या घरी गेली. सुनेने दार उघडलं आणि तिला आत बसवलं. बाई गॅलरीजवळच्या टेबलाशी होत्या, केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीची साडी.

“सुरय्या ना? आज बसायचं होतं का आपल्याला?”

“बाई, आपण बसून केलेलं सगळं गेलं. माझ्या हातून पुसलं गेलं. आणि ते मी एक दिवस लपवलं, दुसऱ्यावर जाऊ दिलं.”

बाईंनी ऐकून घेतलं. “अरेरे,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या कुणाचं तरी काही हरवलं असावं तशा म्हणाल्या. “बरं, मग रडतेस काय. वाच. परत करू आपण.”

सुरय्याने डोळे पुसले आणि वाचायला लागली. पळस झाला, पांगारा झाला, काटेसावर झाली. बाई मान डोलावत ऐकत होत्या. “छान लिहिलंय,” त्या मध्येच म्हणाल्या. “कुणी लिहिलंय?”

“तुम्हीच, बाई.”

“हो का? बरं, पुढे.”

“मेडशिंग,” सुरय्याने वाचलं. “जुन्या खाणीच्या वरच्या अंगाला, पूर्व उतारावर, एक वय झालेलं मेडशिंग आहे...”

“थांब.” बाई ताठ झाल्या. आवाज एकदम वर्गातला निघाला. “हे चुकलंय.”

सुरय्याने पेन्सिल उचलली. “काय चुकलंय, बाई? उतार का?”

“चुकलंय,” बाई म्हणाल्या. त्यांनी हात हवेत वर केला, जसं काही तिथे उतार होता आणि त्यावर झाड होतं. हात जरा डावीकडे गेला, मग उजवीकडे आला, आणि मांडीवर परतला. “चुकलंय एवढं नक्की. मी तुला सांगितलं होतं की. तूच तर टाइप केलं होतंस.”

“हो.”

“मग तुला ठाऊक असणार. सांग.”

सुरय्याने टाइप केलं होतं खरं. भराभर, एकही अक्षर न चुकता. असंच तिने इतक्या वर्षांत कितीतरी लोकांचं लिहिलं होतं, कानाने घ्यायचं आणि बोटांनी सोडून द्यायचं. टेकडी तिच्या घराच्या गच्चीवरून दिसायची. ती कधी चढली नव्हती, आणि बाई शेजारी बसून सांगत असताना, ते झाड कुठलं, असं एकदाही तिने विचारलं नव्हतं. तिने पेन्सिल ठेवली. दोन्ही हातांची बोटं टेबलाच्या कडेला टेकवली, डोळे मिटले आणि खूप वेळ तशीच बसली.

“नाही आठवत, बाई.”

“तुलापण नाही?” आनंदीबाई म्हणाल्या, आणि सोबत मिळाल्यासारख्या हसल्या.