स्वगतभाई

"राजाचं स्वगत काढलं," म्हणत नाटक मंडळाचे अध्यक्ष सदाशिवरावांनी संहितेवर लाल रेघ मारली. "जिल्ह्यात रोज कोनी ना कोनी जीव देऊन राह्यलं, अन् आपला राजा इषाचा प्याला घेऊन दहा मिनिटं बोलते. कायले?"

"मंग राजा मरन कसा?" जफरने विचारलं.

"आत जाईन. दूत येऊन सांगन, मेला म्हनून."

"काहून मेला ते?"

"त्याची काय गरज हाय?"

जफरचं डोकंच फिरलं. एरवी तो आर्णीत पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचा, गणपतीतल्या नाटकात मात्र राजा व्हायचा. पहिल्या वर्षी प्रॉम्प्टरमागोमाग कंसातला 'स्वगत' हा शब्दसुद्धा त्याने ठणठणीत आवाजात म्हणून टाकला होता. तेव्हापासून अख्ख्या गावाने त्याचं नाव 'स्वगतभाई' पाडलं. तो आधी चिडायचा, मग सवय झाली.

पण भीमराजचं त्याला राहून राहून आठवत होतं. पंधरा वर्षं या नाटकाचा पडदा ओढणाऱ्या शेतकरी भीमराजने गेल्या कपाशीच्या हंगामात जीव दिला. सरकारी चौकशीला आलेल्यांनी अर्ध्या तासात कारण लिहिलं, 'दारू', आणि मदतीच्या अर्जावर शिक्का मारला, 'अपात्र'. जो माणूस सोडावॉटरलाही नको म्हणायचा, त्याला दारुडा ठरवून मोकळे झाले! त्याची बायको सुखीबाई खरं काय ते सांगत राहिली, पण लिहून कुणी घेतलं नाही.

"राजा नाटकातलं पात्र हाय ना, साहेब? मंग त्याले बोलू द्या."

"अध्यक्ष मी हाये. पडदा पडन म्हंजे पडन!"

प्रयोगाला मैदान गच्च भरलं. राजाने प्याला उचलला आणि पडदा हलला. जफर झटकन दोन पावलं पुढे आला. पडदा त्याच्या पाठीमागे पडला.

"स्वगत!" तो गरजला.

मैदान खो-खो हसलं. जफरने हसू संपू दिलं. मग राजा बोलू लागला.

"मी मेलो, हे कुणीही सांगेल. मी कोण होतो, ते मीच सांगणार! गर्व केला, भावाचं ऐकलं नाही. ती चूक माझ्या नावावर लिहा. पण जी माझी नाही, ती लिहाल, तर हा प्याला खाली ठेवीन आणि जाब विचारीन!"

विंगेत सदाशिवराव लाल पेन धरून नुसते उभे होते. बायकांच्या बाजूला सुखीबाई उठली.

"जफरभाऊ, पुन्हा म्हना."

वन्समोर पदांना मिळायचा, स्वगताला तो कुणी मागितलेला गावाने ऐकला नव्हता. जफरने मुकुट सारखा केला आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.

"स्वगत."

या वेळी कुणी हसलं नाही.