मेरुधामची मालकीण

दमयंतीबेन मांकड आत आल्या की जशुभाई सावलिया खुर्चीवरचे पाय खाली घेत, जीभ मात्र आवरत नसत.

"आल्या टेलिफोनवाल्या बेन. आता बाजार पडणार."

"पडला तर तुमच्या पायगुणानं पडेल," बेन पर्स मांडीवर ठेवत म्हणायच्या. "मी येईपर्यंत तो तुमचंच तोंड बघत असतो."

राजकोटच्या याज्ञिक रोडमागे केतन वसाणी या शेअर दलालाचं ऑफिस होतं. भिंतीवर टीव्ही, त्याच्यासमोर सात-आठ खुर्च्या आणि त्यांच्यावर रोजची ठरलेली माणसं. जशुभाईंचं इंजिनच्या सुट्या भागांचं दुकान होतं, पण मुलानं त्यांना गल्ल्यावरून उठवलं होतं आणि तो राग ते इथे येऊन काढत. बेन टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. तिथे बसणाऱ्या त्या एकट्याच बाई होत्या, आणि दबून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

नोटबंदीच्या पुढच्या वर्षी या ऑफिसात एकाच शेअरवरून भांडणं व्हायची: मेरुधाम डेव्हलपर्स. अहमदाबादच्या रिंगरोडपलीकडे या कंपनीच्या इमारती अर्धवट उभ्या होत्या आणि शेअरचा भाव पावशेर गाठियांच्याही खाली आला होता. तो सगळ्यांनीच थोडाफार घेऊन ठेवला होता. आता विकून मोकळं व्हावं की पडत्या भावात आणखी घ्यावा, यावर एकमत होत नव्हतं.

"जमीन आहे त्यांच्याकडे. जमीन कुठे पळून जाते का?" जशुभाई म्हणायचे.

"जमीन नाही पळत. मालक पळतात," बेन म्हणाल्या. "एकदा डोळ्यांनी बघून येऊ. इथे बसून गाठिया चावण्यापेक्षा ते बरं."

मग एका रविवारी जशुभाईंच्या गाडीतून दोघं आणि केतन अहमदाबादला गेले. शेअरवाले म्हटलं तर कुणी दारात उभं करणार नाही, म्हणून घर घ्यायला आलेलं कुटुंब असल्याचं सांगायचं ठरलं. केतन भाचा झाला. बेनना आपली बायको म्हणवायची जशुभाईंची हिंमत झाली नाही. त्यांनी त्यांना बहीण केलं.

विक्रीच्या ऑफिसात थंडगार हवा होती आणि टाय लावलेला मॅनेजर भलताच गोड बोलत होता. नमुन्याचा फ्लॅट दाखवून झाल्यावर जशुभाईंनी त्याला खोदून विचारलं, "पण जुने लोक पैसे भरून बसलेत म्हणे. मग आम्हाला घर देणार कुठून?"

मॅनेजरनं आवाज खाली आणला. "त्यांची काळजी करू नका, काका. जुनी बुकिंग रद्द होणार आहेत. भरलेली मुद्दल परत, विषय संपला. तेच फ्लॅट आजच्या भावानं, म्हणजे दुपटीनं जाणार. तुम्ही लवकर ठरवा."

जशुभाईंनी टेबलाखालून केतनचा गुडघा दाबला. बेनही मनातून सुखावल्या, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. दुप्पट भाव म्हणजे कंपनीला नफा, म्हणजे शेअर वर. त्यांनी मनातल्या मनात स्वयंपाकघराला नव्या फरशाही लावून टाकल्या.

फाटकाबाहेर कापडी मांडवात पंचवीस-तीस माणसं फलक घेऊन बसली होती. त्यातली एक तरुण बाई उठून आडवी आली. फाल्गुनी त्रिवेदी तिचं नाव. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती.

"काका, इथे पैसे गुंतवू नका. आम्ही सहा वर्षं भाडं आणि हप्ता दोन्ही भरतोय."

"आम्हाला घर नकोय गं," जशुभाई खुशीत होते, तोंडावर ताबा राहिला नाही. "आम्ही शेअरवाले. कंपनी आमचीच."

 फाल्गुनीचा चेहरा पालटला. "म्हणजे मालक तुम्ही? अरे, इकडे या रे सगळे, मालक आलेत! द्या ना किल्ली. माझा सासरा घराची वाट बघत गेला आणि तुम्ही गिधाडांसारखे भाव बघायला आलात?"

"तोंड सांभाळून बोल," बेन भडकल्या. "आम्ही कुणाचं घर लुटलेलं नाही. आमच्या घामाचे पैसे आहेत."

"आणि माझे काय रस्त्यावर सापडलेत?"

"सही करताना कागद वाचायचे होते!" जशुभाई ओरडले. कुणीतरी गाडीच्या टपावर हात आपटला. केतननं दोघांना आत ढकललं आणि गाडी काढली.

परतीच्या वाटेवर जशुभाई गाणं गुणगुणत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मेरुधामचे आणखी शेअर उचलले, भरपूर. बेननी घेतले नाहीत. विकलेही नाहीत. ती पोरगी गिधाड म्हणाली, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. राग तिचाच येत होता. पण तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं म्हणून तो जास्तच येत होता.

दोन महिन्यांनी अहमदाबादला कंपनीची वार्षिक सभा भरली. केतनच्या ऑफिसातले सगळे गेले. जेवणाचा डबा फुकट होता. हॉलच्या दारात पोलीस होते आणि रस्त्यापलीकडे तोच मांडव. फाल्गुनी बेनना ओळखून मोठ्यानं म्हणाली, "जा, मालकीणबाई. आम्हाला आत सोडत नाहीत. तुम्ही खाऊन या."

बेन आत गेल्या आणि जशुभाईंच्या शेजारी बसल्यावर म्हणाल्या, "मी विचारणार आहे. बुकिंग रद्द करणार का ते."

"वेड लागलंय का? ती गोष्ट गुपचूप होऊ द्यायची असते."

"गुपचूप होण्यासारखी आहे, म्हणूनच विचारते. उद्या कोर्टात अडकली तर आपलेही बुडतील."

"बेन, मी हात जोडतो. गप्प बसा."

प्रश्नांची वेळ झाली तेव्हा बेन उठल्या आणि त्यांनी माईक घेतला. तीस वर्षं टेलिफोनवर बोललेला आवाज होता तो. शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ गेला.

"मी भागधारक आहे. तुमचा मॅनेजर सांगतो की जुन्या लोकांची घरं काढून घेऊन दुप्पट भावानं विकणार. हे खरं की खोटं? हो किंवा नाही म्हणा."

चेअरमन भद्रेशभाई हसले. त्यांनी आधी देशाच्या प्रगतीबद्दल सांगितलं, मग सिमेंटच्या दराबद्दल.

"मी सिमेंटचं नाही विचारलं," बेन म्हणाल्या.

"बसा खाली!" हॉलमधून आवाज आले. "भाव पाडायला आली का?" जशुभाई त्यांचा पदर धरून ओढत ओरडले, "माईक घ्या रे त्यांच्याकडून!"

बेननी पदर सोडवून घेतला, माईक सोडला नाही. पहिल्या रांगेत वर्तमानपत्रांची माणसं बसली होती. त्यांच्याकडे एक नजर टाकून भद्रेशभाई शेवटी म्हणाले, "खोटं आहे. एकही बुकिंग रद्द होणार नाही. प्रत्येकाला जुन्याच भावात घर मिळेल. माझा शब्द आहे."

एकानंही टाळी वाजवली नाही.

बाहेर येऊन बेननी फाल्गुनीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "शब्दाला साक्षीदार कोण? हॉलभर तुमचीच माणसं." आभाराचा एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ते छापून आलं, दुप्पट भावाच्या नफ्याची आशा संपली आणि शेअर कोसळला. रोज बाजार उघडताच, एका दिवसात जेवढा पडू देतात त्या खालच्या टोकाला जाऊन बसायचा. विकायला सगळे, घ्यायला कुणी नाही. बेनचे पैसे गेले, जशुभाईंचे त्याहून पुष्कळ जास्त. बेन ऑफिसात गेल्या तेव्हा त्यांच्या खुर्चीवर जशुभाईंनी चपला ठेवल्या होत्या.

"इथे माणसं बसतात," ते म्हणाले. "पाठीत सुरा खुपसणाऱ्यांनी दुसरीकडे बसावं."

केतन खाली मान घालून म्हणाला, "बेन, तुम्ही फोनवरच व्यवहार करत चला ना." त्या दिवशी त्यांच्यासाठी चहा आला नाही. बेननी चपला उचलून दाराबाहेर ठेवल्या, रिकाम्या खुर्चीवर जरा वेळ बसल्या आणि निघून गेल्या.

इकडे कंपनीनं खरोखरच बुकिंग रद्द केल्याच्या नोटिसा पाठवल्या. फाल्गुनीच्या लोकांनी बिल्डरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या गांधीनगरच्या प्राधिकरणाकडे तक्रार केली आणि तिनं कुठूनसा नंबर मिळवून बेनना फोन केला. "साक्ष द्याल? की यात तुमचं नुकसान आहे?"

"नुकसान होऊन गेलंय. तारीख सांग."

सुनावणीत बेननी ऐकलं तसं सांगितलं. कंपनीचा वकील म्हणाला, चेअरमनसाहेब असं बोललेच नव्हते. वर्तमानपत्रांनी चुकीचं छापलं, आणि या बाईंना कंपनीवर डूख धरायची सवय आहे. त्यांना जवळून ओळखणारा, त्यांच्याच शेजारी बसलेला भागधारक आम्ही आणला आहे.

दारातून जशुभाई आत आले. कंपनीनं त्यांना गाडी पाठवली होती. केस जिंकली की शेअर पुन्हा वर, एवढंच त्यांना सांगितलेलं. बेनकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"या बाईंबद्दल काय सांगाल?" वकिलानं विचारलं.

"काय सांगायचं? घरभेदी बाई आहे!" जशुभाईंचा आवाज चढला. इतक्या महिन्यांचा राग एकदम वर आला. "मी पाया पडलो, गप्प बसा म्हणालो. पदर धरला. तरी माईक सोडेना. ही अशी मागे लागली म्हणून तर भद्रेशभाईंना कबूल करावं लागलं! नाहीतर ते कशाला म्हणतील जुन्या भावात घर देतो म्हणून? माझं वाटोळं केलं हिनं!"

वकील उभ्या उभ्या गोठला. टेबलामागच्या अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे चेअरमन तसं बोलले?"

"बोलले म्हणजे? हॉलभर..." जशुभाई थांबले. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं.

त्याच दुपारी नोटिसा रद्द झाल्या. जुन्याच भावात घरं द्यायचा आदेश निघाला. मांडवातली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. फाल्गुनी बेनजवळ आली आणि अवघडून म्हणाली, "त्या दिवशी मी जे बोलले..."

"बोललीस ते बोललीस," बेन म्हणाल्या. "मीही काही ऐकून घेतलं नव्हतं."

जिन्यात जशुभाई कठड्याला टेकून उभे होते. कंपनीची गाडी त्यांना न घेताच निघून गेली होती.

"राजकोटची बस पाचला आहे," बेन म्हणाल्या. "चला."

"तुमच्याबरोबर? त्यापेक्षा चालत जाईन," जशुभाई म्हणाले आणि तोंड फिरवलं.

बेन एकट्याच बस स्टँडकडे निघाल्या.